मांडीची आग आणि कमरेचा पट्टा

वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला, की तो बोनस, महागाई किंवा कामाचे तास यांवर बोलणार अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती वावगी नाही. आम्ही मात्र या वेळी मांडीतल्या एका बारीक मज्जातंतूविषयी सांगणार आहोत. आम्ही डॉक्टर नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयातल्या पुस्तकांमुळे आणि आमचे प्रश्न न कंटाळता ऐकून घेणाऱ्या डॉक्टर स्नेह्यांमुळे. या मज्जातंतूशी आमची ओळख आमच्याच एका चुकीमुळे झाली. ती चूक आधी सांगतो, म्हणजे हा विषय का निवडला ते निराळे सांगावे लागणार नाही.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला घासून गेले, ते वाचकांना आठवत असेल. विजेचे खांब आडवे झाले, झाडे तारांवर पडली, गावेच्या गावे अंधारात बुडाली. तारा पुन्हा ताणण्याच्या कामावर जी माणसे रात्रंदिवस होती, त्यांत आमच्या ओळखीचा, एका ठेकेदाराकडे काम करणारा चाळिशीतला वायरमन होता. कमरेला करकचून आवळलेला पट्टा, आणि पट्ट्याला पक्कड, पाने, हातोडी, तारेचे वेटोळे अशी सारी हत्यारे लटकवलेली. पावसाळा सरता सरता तो आमच्या कचेरीत आला आणि म्हणाला, "अण्णा, उजवी मांडी बाहेरच्या अंगाने पेटल्यासारखी होते. मुंग्या येतात. पँटचं कापड घासलं तरी नको होतं. आणि गंमत म्हणजे तिथंच चिमटा काढला तर नीट कळत नाही."

मुकादम म्हणत होता, हा नाटक करतो. आम्ही त्याच्यासाठी हलक्या कामाचा अर्ज लिहिला; आणि अर्जाला वजन यावे म्हणून त्यात एक वाक्य घातले: "पायातली शक्ती गेल्यामुळे खांबावर चढणे अशक्य झाले आहे." तपासणीच्या डॉक्टरांनी त्याचा गुडघा वाकवून पाहिला, ताणून पाहिला, गुडघ्याखाली रबरी हातोडीने ठोकून पाहिले. शक्ती पूर्ण होती. पाय जसा उडायला हवा तसा उडत होता. शेरा आला, "पायात दोष नाही." अर्ज फेटाळला गेला आणि माणूस खोटा ठरला. तो एक शब्दही खोटे बोलला नव्हता. खोटे आम्ही लिहिले होते. मांडी खरोखर जळत असते आणि पायातली शक्तीही शाबूत असते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे आम्हांला ठाऊकच नव्हते. ते कसे घडते, एवढेच आज सांगायचे आहे.

आपल्याकडे अशा दुखण्याला सरसकट "शीर दबली" किंवा "शिरेवर शीर चढली" असे म्हणतात. शीर म्हणजे रक्तवाहिनी. येथे दबते ती रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू होय. मज्जातंतूंतून दोन प्रकारची वाहतूक चालते. एक, मेंदूकडून स्नायूंकडे जाणारी आज्ञा: हात उचल, पाऊल टाक. दुसरी, त्वचेकडून आणि सांध्यांकडून मेंदूकडे जाणारी बातमी: येथे ऊन लागले, येथे टोचले, येथे कापड घासले. बहुतेक मोठ्या मज्जातंतूंतून ही दोन्ही कामे चालतात. पण काही मज्जातंतू निव्वळ बातमीदार असतात. आपल्या विषयातला मज्जातंतू त्या जातीचा आहे. तो एकाही स्नायूला आज्ञा देत नाही. मांडीच्या बाहेरच्या आणि थोड्या पुढच्या बाजूच्या त्वचेची खबर, कमरेखालपासून गुडघ्याच्या जवळपर्यंत, मेंदूला पोचविणे एवढेच त्याचे काम. म्हणून तो दबला तर बातमी बिघडते: आग नसता आग लागल्याची वर्दी येते, आणि खरा चिमटा काढला तर बातमी पोचतच नाही. पाय मात्र पूर्वीसारखाच चालतो. मुकादमाला आणि डॉक्टरांना दिसतो तो चालणारा पाय. जळणारी त्वचा कोणाला दिसत नाही.

आता या मज्जातंतूचा रस्ता पाहू. वाचकांनी उजवा हात कमरेवर ठेवावा. कमरेच्या हाडाची कड चाचपत पुढे आले, की पोटाच्या खालच्या बाजूला एक टणक टोक बोटाला लागते. सडपातळ माणसाला ते डोळ्यांनीही दिसते. या टोकावर बोट असू द्यावे. पुढचे सारे प्रकरण त्याच्या आसपास घडते.

मज्जातंतूचा उगम मात्र तेथे नाही. पाठीच्या कण्यात कमरेचे पाच मणके आहेत. त्यांतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यांपाशी निघणाऱ्या मुळांपासून तो बनतो. कण्याला लागून पोटाच्या आतल्या बाजूने सोअस नावाचा एक जाड स्नायू उतरतो. त्याच्या बाहेरच्या कडेने हा तंतू डोके वर काढतो. मग कमरेच्या हाडाच्या आतल्या खोलगट बाजूवरून तिरपा पुढे येतो. उजव्या अंगाला तो मोठ्या आतड्याच्या आरंभाच्या पिशवीमागून जातो, डाव्या अंगाला खाली उतरणाऱ्या मोठ्या आतड्यामागून. असा पोटातून प्रवास करीत तो आपल्या बोटाखालच्या हाडाच्या टोकापाशी पोचतो.

येथे त्याला पोटातून मांडीत उतरायचे असते आणि वाटेत एक उंबरठा आहे. हाडाच्या त्या टोकापासून जांघेच्या आतल्या हाडापर्यंत एक चिवट बंध ताणलेला असतो. त्याला जांघेचा बंध म्हणू. बहुतेक माणसांत आपला तंतू हाडाच्या टोकाच्या थोडा आतल्या बाजूने, बंधाखालून किंवा बंधाच्या धाग्यांमधूनच, जवळजवळ काटकोनात वळून मांडीत शिरतो. कौलाखालून घरात आणलेली वायर जेथे कडेला वळते तेथेच झिजते, हे वायरमनला सांगावे लागत नाही. आपल्या तंतूचेही तसेच आहे. आतून पोटाचा भार, बाहेरून पट्ट्याचा दाब, आणि मध्ये हा वळलेला तंतू. उभे राहिले किंवा मागे पाऊल टाकले की तो ताणला जातो. बसले, गुडघा पोटाकडे घेतला की सैल होतो. म्हणूनच पुष्कळ रोग्यांना उभ्याने आणि चालताना त्रास वाढतो व बसल्यावर उतरतो.

बंधाखालून आल्यावर तो एका लांबट स्नायूच्या उगमापाशी येतो. या स्नायूचे लॅटिन नाव शिंप्यावरून पडले आहे, कारण मांडी घालून बसताना तो कामास येतो. शरीरातला हा सर्वांत लांब स्नायू. तेथून पुढे तंतूच्या पुढची आणि मागची अशा दोन फांद्या होतात आणि त्या त्वचेत पसरतात.

या दुखण्याला शास्त्रात मेरॅल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. ग्रीक भाषेत मेरोस म्हणजे मांडी आणि अल्गोस म्हणजे वेदना. बर्लिनचे बर्नहार्ट यांनी १८७८ मध्ये आणि पुन्हा १८९५ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याच १८९५ साली मॉस्कोचे रोट यांनी त्याला हे नाव दिले. कमरेला घट्ट पट्टे आवळणाऱ्या घोडेस्वारांत हे दुखणे त्यांना आढळले होते. मनाच्या रोगांवरील विचारांमुळे पुढे जगभर गाजलेले सिग्मंड फ्रॉइड यांना स्वतःलाच हा त्रास होता आणि त्यांनीही १८९५ मध्येच त्यावर एक छोटा लेख लिहिला. मनात नसलेले दुखणे मांडीत असू शकते, याची साक्ष देणारा याहून मोठा साक्षीदार कोठून आणावा!

घोडेस्वार गेले, पण पट्टे राहिले. हत्यारांचा पट्टा बांधणारे वायरमन आणि सुतार, कमरपट्ट्याला सामान अडकविणारे पोलीस, कोयता कमरेला अडकवून माडावर चढणारे, खाली घसरणारी तंग जीन्स घालणारी मुले, या साऱ्यांना हा धोका आहे. आमच्या भगिनींच्या परकराची नाडीही याच ठिकाणावरून जाते. येथे एक खुलासा करतो. वर्धा आणि बिहारातील मधुबनी येथील डॉक्टरांनी २०२४ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन स्त्रियांची हकीकत छापली. वर्षानुवर्षे घट्ट बांधलेल्या वस्त्रामुळे कमरेला जखम होऊन तिचा त्वचेचा कर्करोग झाला होता. तो रोग निराळा, हा निराळा. परंतु कमरेवरचा दाब क्षुल्लक मानू नये, हा धडा दोन्हींकडे एकच आहे.

पट्ट्याखेरीज दुसरी कारणेही आहेत. सुटलेले पोट आणि गरोदरपण यांत बंधावर ताण येतो. बाळंतपणानंतर बहुधा तो आपोआप उतरतो. मधुमेहात मज्जातंतू आधीच नाजूक झालेले असतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील एका परगण्यात १९९० ते १९९९ या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षाला लाखामागे सुमारे ३३ जणांना हे दुखणे झालेले आढळले. मधुमेह्यांत हे प्रमाण लाखामागे २४७, म्हणजे सातपटीहून अधिक होते. कधी कधी दुसऱ्याच शस्त्रक्रियेत हा तंतू दुखावतो: दुर्बिणीतून केलेल्या हर्नियाच्या जाळीच्या वेळी, कमरेच्या हाडाचा तुकडा काढताना, किंवा पाठीच्या शस्त्रक्रियेसाठी रोग्याला बराच वेळ पालथे ठेवल्याने. कोविडच्या साथीत श्वासासाठी रोग्यांना तासन् तास पालथे निजवीत, त्यांतल्याही काहींना पुढे मांडीची ही आग मागे लागली.

आता ओळख कशी पटवायची? आमच्या वायरमनला वर्षभर कोणी "सायटिका" म्हटले, कोणी "मणक्याची गादी सरकली" म्हटले. सायटिकाची कळ कुल्ल्यातून पायाच्या मागच्या किंवा बाहेरच्या बाजूने बहुधा गुडघ्याखाली उतरते. आपल्या दुखण्याची हद्द मांडीच्या बाहेरच्या अंगापुरती असते आणि ते गुडघ्याखाली जात नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूंना चालविणारा मोठा तंतू किंवा कण्यातले मूळ दबले असेल, तर गुडघा सरळ करण्याची शक्ती घटते आणि हातोडीने ठोकल्यावर पाय नीट उडत नाही. येथे शक्ती आणि पायाचे उडणे दोन्ही शाबूत असतात. म्हणजे ज्या तपासणीने आमचा माणूस खोटा ठरला, तीच तपासणी नीट वाचली असती तर त्याचे दुखणे अचूक सांगत होती!

यापुढे डॉक्टर दोन-तीन गोष्टी करून पाहतात. हाडाच्या टोकाच्या आतल्या बाजूस टिचकी मारली तर मांडीत झिणझिणी उतरते का? रोग्याला निरोगी कुशीवर निजवून वरच्या कमरेच्या हाडावर पाऊण मिनिट दाब दिला, तर बंध सैल पडून आग कमी होते का? आणि खात्रीची परीक्षा म्हणजे त्या ठिकाणी थोडे भुलीचे औषध टोचून पाहणे. आग तेवढ्यापुरती थांबली, तर चोर सापडला. चाळिशीपुढच्या माणसाच्या कण्याचा एमआरआय काढला तर बहुधा काही ना काही झीज दिसते. त्या चित्रावर विसंबून पाठीवर सुरी चालविण्यापूर्वी कमरेच्या हाडावर एक बोट ठेवून पाहावे, अशी आमची विनंती आहे.

मात्र उलट बाजूनेही सावध राहावे. पायात खरोखर अशक्तपणा आला, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटू लागला, वजन विनाकारण उतरू लागले, किंवा पोटात गाठ लागली, तर ते आपले साधे दुखणे नव्हे. तेथे पट्टा सैल करीत बसू नये. लगेच रुग्णालय गाठावे.

उपचारांची एक शिडी आहे आणि ती खालच्या पायरीपासून चढायची. पहिली पायरी फुकट आहे: दाब काढणे. पट्टा रुंद घ्यावा, हाडाच्या टोकावर बांधू नये, हत्यारे खांद्यावरच्या पिशवीत घालावी, नाडी सैल बांधावी, खिशातले जाड पाकीट काढावे. येथे आम्ही हात जोडून सांगतो, की खांबावर किंवा माडावर असताना सुरक्षेचा पट्टा कोणी सैल करू नये. मांडीच्या आगीने माणूस मरत नाही, खाली पडल्याने मरतो. खांद्यांवर आणि मांड्यांवर भार वाटून घेणारा अंगभर पट्टा मिळावा, ही मागणी करावी. त्याबरोबर वजन उतरविणे आणि साखर ताब्यात ठेवणे. दुसरी पायरी औषधांची: साधी वेदनाशामके, आणि ती पुरी पडली नाहीत तर मज्जातंतूंची आग शमविणारी गॅबापेन्टिनसारखी औषधे, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

तिसरी पायरी सुईची. भुलीचे औषध आणि स्टिरॉइड एकत्र करून ते तंतूच्या भोवती टोचतात. हल्ली सोनोग्राफीच्या पडद्यावर तंतू पाहून सुई नेता येते, त्यामुळे नेम चुकण्याचा संभव कमी होतो. औषध शेजारच्या मोठ्या तंतूकडे पसरले, तर काही तास गुडघा लटपटतो. म्हणून टोचून घेतल्यावर एकदम उठून चालू लागू नये. मधुमेह्याची साखर स्टिरॉइडने काही दिवस चढते, तेही आधी सांगून ठेवावे.

चौथी आणि शेवटची पायरी शस्त्रक्रियेची. पुष्कळ महिने उलटूनही आग हटत नाही, तेव्हाच तिचा विचार करतात. हाडाच्या टोकाखाली एक लहान छेद घेऊन, मांडीवरचे चिवट आवरण उघडून, सर्जन तंतू शोधतो. "शोधतो" हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला, कारण हा तंतू सर्वांत एकाच वाटेने जात नाही. १९९७ मध्ये आस्झमान आणि डेलन यांनी ५२ मृतदेहांच्या दोन्ही बाजू, म्हणजे १०४ ठिकाणे तपासून पाच वाटा नोंदविल्या. शेकडा ४ ठिकाणी तंतू हाडाच्या टोकाच्या मागून, चक्क हाडाच्या कडेवरून जात होता. शेकडा २७ ठिकाणी तो टोकाच्या पुढून, बंधाच्या धाग्यांतून येत होता. शेकडा २३ ठिकाणी शिंपी-स्नायूच्या उगमाच्या दोरात गुरफटला होता, शेकडा २६ ठिकाणी त्या स्नायूच्या आतल्या बाजूने बंधाखालून उतरत होता आणि उरलेल्या शेकडा २० ठिकाणी त्याहूनही आत होता. पहिल्या तीन वाटांवर तो अधिक उघडा आणि अडचणीत असतो. ही विविधता ध्यानात न ठेवता शोधू गेले, तर कधी कधी तंतू सापडतच नाही.

तंतू सापडला, की दोन मार्ग असतात. एक, त्याच्यावरचा फास सोडविणे: बंधाचे व आवरणाचे जे धागे त्याला आवळतात ते वरपासून खालपर्यंत कापून त्याला मोकळे करणे. यात बातमीदार जिवंत राहतो. दुसरा मार्ग, तंतूच कापून टाकणे. कापलेले टोक पोटात आत सरकू देतात, म्हणजे त्याची दुखरी गाठ बनून छळत नाही. यात आग थांबते, पण मांडीचा तेवढा पट्टा कायमचा बधिर होतो. तेथे भाजले तरी समजणार नाही, हे रोग्याला आधी सांगून त्याची संमती घ्यावी लागते. शक्ती जात नाही, कारण आज्ञा या तंतूतून जातच नव्हती.

कोणत्या पायरीवर किती गुण येतो? २००८ मध्ये अनेक ठिकाणचे अनुभव एकत्र करून पाहिले गेले. काही विशेष न करताही २९ पैकी २० जण सुधारले. सुईने १५७ पैकी १३०, फास सोडवून ३०० पैकी २६४, आणि तंतू कापून ४८ पैकी ४५ जणांना बरे वाटले. हे आकडे एकमेकांशी स्पर्धा लावून काढलेले नाहीत. निरनिराळ्या डॉक्टरांचे निरनिराळे रोगी होते. म्हणून "कापणे सर्वांत चांगले" असा अर्थ कोणी काढू नये. आम्हांला त्यांतला पहिलाच आकडा मोलाचा वाटतो. तिघांतले दोघे सुरीवाचून आणि सुईवाचून सुधारतात. पण त्यासाठी त्यांना अवधी मिळावा लागतो, आणि अवधी मिळण्यासाठी त्यांच्यावर कोणीतरी विश्वास ठेवावा लागतो.

आमच्या वायरमनच्या बाबतीत तेच घडले. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला निजवले, पट्टा सोडायला सांगितला आणि हाडाच्या टोकापाशी टिचकी मारली. त्याने हात झटकला, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "काका, पाठ चांगली आहे तुमची. हा पट्टा बदला." त्यांनी साखर तपासली, ती वाढलेली निघाली.

मग आम्ही अर्ज दुसऱ्यांदा लिहिला. या वेळी लिहिले: "पायातली शक्ती पूर्ण आहे. उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूची त्वचा कमरपट्ट्याच्या दाबाने मज्जातंतू आवळला गेल्यामुळे जळते आणि बधिर आहे. चार महिने जमिनीवरचे काम आणि हत्यारांसाठी खांद्यावरची पिशवी मिळावी." सोबत डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी जोडली. अर्ज मंजूर झाला. चौथ्या महिन्यात आग बरीच उतरली. तळहाताएवढी बधिर जागा मात्र उरली आहे. तो पुन्हा खांबावर चढतो. त्याच्याबरोबरच्या सहा जणांनीही पिशव्या मागून घेतल्या, त्यांतल्या दोघांनी आपल्यालाही तसेच होत होते असे तेव्हा सांगितले. तोवर हसतील म्हणून गप्प होते.

त्या पहिल्या अर्जाची प्रत आम्ही अजून जपून ठेवली आहे. कामगाराची बाजू घेताना त्याच्या दुखण्यात आपल्या पदरची भर घालू नये. जे दुखते तेवढेच, पण अचूक जागेवर बोट ठेवून सांगावे, हे ती आम्हांला आठवण करून देते. वाचकांनी आज रात्री पट्टा किंवा नाडी सोडताना कमरेच्या हाडाच्या टोकावर वळ उमटला आहे का, ते पाहावे. उमटला असेल, तर उद्यापासून एक भोक मागे घ्यावे.